गुळवेलीचा काढा आणि प्रत्यारोपणाच्या गोळ्या

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही पेडण्याचे. माझं एक मूत्रपिंड नवऱ्याला देण्याची शस्त्रक्रिया 2020च्या एप्रिलमध्ये ठरली होती. लॉकडाऊनमुळे ती पुढे गेली आणि त्यांना आणखी दीड वर्ष डायलिसिसवर काढावं लागलं. ते कुणी टाळू शकलं असतं का, हे अजून मनातून जात नाही. आता ते बरे आहेत. पण कुठे साथीची बातमी आली, की सासूबाई म्हणतात, 'प्रतिकारशक्ती मारणाऱ्या त्या गोळ्या चार दिवस बंद ठेव, गुळवेलीचा काढा दे.' काय करू?

उत्तर : गोळी एका वेळेचीही चुकवू नका आणि काढा देऊ नका. बाकीचं सावकाश सांगते.

तुमचं मूत्रपिंड त्यांच्या शरीराला परकंच वाटणार. शरीर त्याच्यावर उठू नये, म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशा गोळ्या असतात. साथीत घरोघरी प्रतिकारशक्ती वाढवायचे काढे उकळत होते. तुमच्या घरात ती मुद्दाम खाली ठेवलेली आहे. गुळवेल तिलाच चेतवते असं मानतात, आणि ती चेतली तर घाव तुम्ही दिलेल्या मूत्रपिंडावर बसेल. सासूबाईंचा जीव मुलासाठी तुटतो, तेव्हा रागावू नका, एवढं समजावून सांगा.

कोविड झाला की मायकोफेनोलेट कमी करतात किंवा थांबवतात, हे खरं. पण ते नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडाचे डॉक्टर ठरवतात, आजार किती आहे आणि मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन किती आहे ते बघून. प्रेडनिसोलोन तर एकदम तोडायचंच नसतं. शिवाय रिटोनाविर असलेलं कोविडचं औषध टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी भलतीच चढवतं. म्हणून डॉक्टर नवे असतील तर गोळ्यांची यादी आधी त्यांच्या हातात द्या.

आता त्या दीड वर्षाबद्दल. 2020 मध्ये देशातल्या 'नोटो' या प्रत्यारोपण संस्थेनेच जिवंत दात्याच्या शस्त्रक्रिया शक्यतो टाळा, असं सुचवलं होतं. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत या औषधांचा मारा सर्वांत जास्त असतो. त्यात विषाणू शिरला तर माणूस हातचा जातो. आणि तुम्ही धडधाकट होता. दाखल होऊन तुम्हालाच लागण झाली असती तर? यकृत किंवा हृदय निकामी झालेल्याला असं थांबवून ठेवता येत नाही. मूत्रपिंडवाल्याला निदान डायलिसिसचं यंत्र असतं. तुमची शस्त्रक्रिया लांबवणाऱ्यांनी त्या दिवसांत योग्यच केलं, असं मला मनापासून वाटतं.

यंत्रावरचे ते दिवस किती कठीण होते, ते मी पाहिलंय. मी तेव्हा उत्तर गोव्यातल्या एका डायलिसिस विभागात परिचारिका होते. आठवड्याला तीन पाळ्या, प्रत्येक चार तासांची. घरी बसा म्हटलं तरी या माणसांना यावंच लागे. बस बंद. वाळपईकडचा एक मुलगा वडिलांना मोटरसायकलवर स्वतःच्या पोटाशी ओढणीने बांधून आणायचा. एका आजोबांनी भीतीने दोन पाळ्या चुकवल्या, वर अशक्तपणा वाटतो म्हणून रोज शहाळं प्यायले. शहाळ्यातलं पोटॅशियम रक्तात इतकं साठलं होतं, की त्यांना स्ट्रेचरवरूनच यंत्रावर घेतलं. त्या रात्री मी घरी जेवले नाही.

पुढच्या साथीसाठी महिनाभराच्या गोळ्या घरात जास्तीच्या ठेवा. लॉकडाऊनमध्ये गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका बंद होता तेव्हा कुरिअर पलीकडेच अडकली होती. लस डॉक्टरांना विचारून घ्याच. मात्र जिवंत विषाणूची नको. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन तशा नव्हत्या. या गोळ्यांवर असलेल्यांच्या अंगात लशीची शक्ती कमी तयार होते, म्हणून घरातल्या बाकीच्यांनीही घ्यायची, सासूबाईंनीसुद्धा.

पत्रात तुम्ही स्वतःबद्दल काहीच लिहिलं नाही. तुमचं एकच मूत्रपिंड राहिलंय. रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा तपासून घेता ना? यंदा राहिलं असेल तर पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर जाल, तेव्हा स्वतःचाही केसपेपर काढा.