वाचकांचे प्रश्न: छोट्या हॉलमधली स्वरचित गाण्यांची मैफल

प्रश्न: मी स्वतः गाणी लिहिते, चाली लावते आणि गिटारवर गाते. पुढच्या महिन्यात पुण्यात एका बंगल्याच्या १५ बाय २५ फुटी हॉलमध्ये ४० जणांसमोर कार्यक्रम आहे. मागच्या वेळी माइक सारखा शिट्टी मारत होता आणि शब्द कळले नाहीत अशी तक्रार आली. काय बदलू?

उत्तर: एवढ्या हॉलमध्ये आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला स्पीकर लागत नाही. तो लागतो गळा आणि गिटार यांचा तोल साधायला, कारण स्टीलच्या तारांवर पिकने जोरात वाजवलं की हळू गायलेली ओळ बुडते. म्हणून आधी काहीही न जोडता तुमचं सगळ्यात हळुवार गाणं गा आणि कुणाला तरी मागे बसवून शब्द लिहून घ्यायला सांगा. गाळलेल्या जागा दिसल्या तर फक्त गळ्याला माइक द्या, गिटार तशीच राहू द्या. बहुतेकदा इथेच काम होतं.

स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून पुन्हा स्पीकरवर आला की शिट्टी येते. स्पीकर तुमच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला, स्टँडवर बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर ठेवा. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, एवढ्या हॉलमध्ये टाळलेलाच बरा. हवाच असेल तर माइक कोणता ते पाहा: शूअर एसएम५८ अगदी मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर तुमच्या सरळ समोर ठेवा; बीटा ५८ए सुपरकार्डिऑइड आहे, म्हणजे मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून सर्वांत कमी ऐकतो, त्याला मॉनिटर समोरून थोडा तिरका लागतो. ओठ जाळीपासून दोन-तीन इंचांवर ठेवा. अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते, मिक्सरवरचा माणूस गेन (माइकचा आवाज उचलण्याचं प्रमाण) वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. जाळी मुठीत धरू नका, त्याने माइक सगळीकडचं ऐकू लागतो.

शब्दांसाठी गळ्याच्या चॅनेलवर १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे आवाज गाळणारा फिल्टर) लावा आणि रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) बंद करा. फरशी आणि उघड्या भिंती पुरेसा घुमारा देतात. सतरंज्या अंथरा, पडदे ओढा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज कर्कश वाटला म्हणून ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, फार कापू नका. माणसं बसली की वरचे सूर शोषले जातात, आणि ‘स’, ‘च’, ‘ट’ ओळखू येतात ते त्याच सुरांमुळे. सराव करताना गेन सर्वांत मोठ्या ओळीवर ठरवा.

प्रश्न: गिटार मिक्सरला जोडावीच लागते, पण जाड तारेवरचे काही सूर घुमतात. शिवाय मागे सतत गुंSS असा आवाज असतो.

उत्तर: हे दोन वेगळे आजार आहेत. मोठ्या अकौस्टिक गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास थरथरते, म्हणजे जाड तारेच्या तिसऱ्या-चौथ्या पट्टीजवळ. मधल्या भोकावर रबरी झाकण बसवा, प्रीअँपवर (गिटारचा सिग्नल वाढवणारं सर्किट) फेजचं, म्हणजे ध्वनिलहर उलटी करणारं, बटण असेल तर ते बदलून पाहा, आणि तरीही घुमली तर तेवढाच सूर नॉचने (अगदी अरुंद फिल्टरने) कापा. सगळा बास उतरवलात तर गिटार पत्र्यासारखी वाजते.

गुणगुण बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यामुळे येते. मिक्सर, स्पीकर, प्रीअँप एकाच बोर्डवरून चालवा आणि डीआय बॉक्सचं (गिटार मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड-लिफ्ट, म्हणजे सिग्नल केबलमधली अर्थिंगची जोडणी तोडणारं बटण, दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. तारा आणि माइक एकाच वेळी हाताळणाऱ्याला जिवावरचा शॉक बसू शकतो. अॅक्टिव्ह (विजेवर चालणाऱ्या) डीआयला बॅटरी नसेल तर मिक्सरवरून ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे माइकच्या केबलमधून येणारी वीज, लागतो. गिटारमधला ९ व्होल्टचा सेल नवा घाला आणि मध्यंतरात केबल काढून ठेवा, कारण बहुतेक गिटारींत केबल लावलेली असेपर्यंत प्रीअँप चालूच असतो.

तारा दोन दिवस आधी बदला आणि ताणून बसवा. कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पट्टीला लागून लावा, मग पुन्हा सूर जुळवा. एकाच कॅपोची गाणी सलग घेतली तर मध्ये श्रोत्यांना ताटकळावं लागत नाही.

प्रश्न: परवानगी वगैरे?

उत्तर: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाऊडस्पीकरवर रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्रीच्या या बंदीतून बंदिस्त सभागृहांना असलेली सवलत उघड्या खिडक्यांच्या हॉलला लागू आहे असं धरू नका; ७ ला सुरू करा. तिकीट लावून दुसऱ्याच्या रचना गाणार असाल, तर आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवान्याची चौकशी आधी करा.