साडेतीन वर्षांत एकही रजा नाही

प्रिय काकू,
मी ३६ वर्षांचा, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत सोनेतारण कर्जाचं काम बघतो. आमचे शाखाधिकारी म्हणतात, दहा-बारा खातेदारांच्या नावावर बेंटेक्सचे दागिने ठेवून कर्ज काढू. सोनं तपासणारा सराफ आपलाच आहे, दिवाळीनंतर भरून टाकू. मला तीन लाख मिळतील. घराचे हप्ते थकलेत, मुलीची फी आहे. बायकोला यातलं काही माहीत नाही. मी प्रामाणिक माणूस आहे. साडेतीन वर्षांत एक रजा घेतलेली नाही, मेहुणीच्या लग्नातसुद्धा अक्षता टाकून शाखेत परत आलो, कारण तिजोरीची किल्ली माझ्याकडे असते. काय करू?
– द्विधा मनःस्थितीतला

बाळा,
तीन लाखांचं नंतर. आधी त्या लग्नाचं बोलू.

सख्ख्या मेहुणीच्या लग्नात पंगतीला न बसता तू शाखेत परत आलास, आणि हे मला प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून लिहिलंस. मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली नऊ तपासणी खात्यात. ते वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. तू ‘करू का’ विचारतोयस, पण मला वाटतं, तू केलेलं आहेस. तारण सोन्याचं एखादं पाकीट, फार तर दोन. हप्ता भरायला कुणाचं तरी सोनं काढून दुसरीकडे गहाण टाकलंस, पगार झाला की सोडवून ठेवीन म्हणून. शाखाधिकाऱ्याला ते कळलंय. नाहीतर असला बेत तो तुझ्यापुढे इतक्या बिनधास्त मांडता ना.

मी चुकत असेन तर उद्याच दहा दिवसांची रजा टाक, किल्ली दुसऱ्याकडे दे आणि मला खोटं पाड. टाकवत नसेल तर पुढचं वाच.

आमच्या एका शाखेत असाच एक होता. डेंग्यू झाला तेव्हा सलाइनची सुई हातावर तशीच पट्टीने चिकटवून कामावर आला. आम्ही सगळे त्याचं कौतुक करायचो, मीसुद्धा. मग स्कूटर घसरून त्याचा पाय मोडला आणि तिजोरी दुसऱ्याने उघडली. त्या आठवड्यात एक आजी पाटल्या सोडवायला आल्या, पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून घडी घातलेली. पाकिटाचं सील बरोबर, वजन बरोबर. फोडलं तर आत नटबोल्ट. आजी त्या नटबोल्टांकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, “बाई, दुसऱ्याचं पाकीट आलं वाटतं.”

तुझ्याकडच्या त्या पाकिटावर कुणाचं नाव आहे, ते तुला पाठ असणार.

जोखमीच्या जागेवरच्या माणसाला वर्षातून निदान दहा कामकाजाचे दिवस सलग, आधी न सांगता रजेवर पाठवा, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ साली बँकांना बजावलं, ते याचसाठी. पतसंस्था तिच्या देखरेखीखाली येत नाहीत, म्हणून तुला कुणी घरी पाठवलं नाही. न्यूयॉर्कच्या दाइवा बँकेतला तोशिहिदे इगुची रोख्यांमधला तोटा अकरा वर्षं लपवत बसला होता. लांब सुट्टीवर जात नसे. छोट्या तोट्यापासून सुरू झालेलं ते प्रकरण १९९५ पर्यंत १.१ अब्ज डॉलरवर गेलं. आणि त्याला कुणी पकडलं नाही, बरं का. त्यानेच बँकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून सगळं कबूल केलं. तुरुंग चुकला नाही, पण लपवणं त्या दिवशी संपलं. तूही मला पत्र लिहिलंस, फक्त मुद्द्याची गोष्ट त्यातून गाळलीस.

शाखाधिकारी सांभाळून घेईल, हे डोक्यातून काढ. कर्जाच्या कागदावर सही तुझी असेल. सत्यम कंपनीच्या हिशेब घोटाळ्याच्या खटल्यात २०१५ साली तिचे संस्थापक रामलिंग राजू यांना सात वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या वित्त विभागातल्या कर्मचाऱ्यांनाही तेवढीच झाली. मालकाने विश्वासाने सोपवलेलं कारकुनाने गिळलं, तर भारतीय न्याय संहितेतही सात वर्षांपर्यंतची तरतूद आहे.

तेव्हा रजेचा अर्ज लिही. आज रात्री बायकोला सांग. ती चिडेल, रडेल, तिला तो हक्क आहे. उद्या तालुक्याच्या कोर्टात फौजदारी बघणाऱ्या वकिलाकडे जा. त्यांच्या सल्ल्याने अर्जासोबत एक कागद जोड: कोणतं पाकीट, कुणाचं, कुठे गहाण, किती रकमेला. तुझी मोटारसायकल विक, गावाकडचा जमिनीचा तुकडा असेल तर तो विक, पण ते सोनं सोडव. शाखाधिकाऱ्याने सांगितलेला बेतही त्याच कागदात लिही. शिक्षा टळेल असं मी म्हणत नाही, नोकरी तर जाईलच. पण आज एक-दोन पाकिटांचं आहे ते दिवाळीनंतर चौदा पाकिटांचं झालेलं असेल, आणि तेव्हा विकायला तुझ्याकडे काही उरणार नाही.

अर्ज शाखाधिकाऱ्याच्या हातात देऊ नकोस. संस्थेच्या अध्यक्षांना दे, एक प्रत सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात दे. आणि किल्ली सोपवताना तारीख-वेळ घालून पोहोच घे.

– काकू