फेणी शेवटी घे

परवा वेंगुर्ल्यात तू पहिला घोट फेणीचा घेतलास आणि नंतरची गव्हाची बिअर तुला पाण्यासारखी लागली. बिअर चांगलीच होती रे, चाखण्याचा क्रम चुकला. आधी गव्हाची बिअर, मग कडवट आयपीए बिअर, मग काळी स्टाउट बिअर. त्यानंतर हुर्राक, आणि फेणी अगदी शेवटी.

हुर्राक आणि फेणी मात्र शेजारी शेजारी ठेवूनच चाख. काजूच्या बोंडूचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचं. तेच आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवलं की फेणी, ४२ टक्क्यांच्या पुढे. हुर्राकात पिकलेल्या बोंडूचा ताजा वास असतो, फेणीत तोच वास उग्र आणि खोल होतो. हा फरक नाकाला कळला की मला फार आनंद होतो. हुर्राक टिकत नाही, त्यामुळे ही जोडी मार्च ते मेमध्येच जमते. जमलं तर माडाची फेणीही तिसऱ्या ग्लासात घे.

प्रत्येक पेय १५-२० मिली पुरे. नाव दिसू नये म्हणून बाटल्यांना कागद गुंडाळ, प्रत्येकाने आपलं मत आधी लिहावं, मग बोलावं. नाहीतर सगळे मोठ्या आवाजाच्या माणसामागे जातात. मधे पाणी आणि कोरडे कुरमुरे. तळलेला बांगडा, सोलकढी नंतर. गोव्याची बाटली परवान्याशिवाय बांद्याच्या सीमेवरच्या नाक्यावरून आणू नकोस. आणि गाडीची किल्ली घरीच ठेवून ये.