काढलेले पार्ट विकताना

टिळकवाडीहून एक वाचक विचारतात: पोलो विकायची आहे. १७ इंची अलॉय आणि मोठा सायलेन्सर गाडीसोबत द्यावा की वेगळा?

वेगळा. साधी गाडी शोधणारा या वस्तूंचे पैसे देत नाही, उलट गाडी पिदडली असणार म्हणून भाव पाडतो. शिवाय गाडीतील फेरफारांबद्दल मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. मूळ चाके आणि सायलेन्सर परत चढवा, मग गाडी दाखवा.

अलॉयच्या जाहिरातीत 'एकदम नव्यासारखे' लिहून भागत नाही. पोलोचे बोल्ट ५ बाय १००, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच; स्विफ्टचे ४ बाय १००. हे माप, रुंदी आणि चाकाच्या आत कोरलेला ईटीचा (म्हणजे ऑफसेटचा, चाक किती आत-बाहेर बसते त्याचा) आकडा लिहा, म्हणजे निम्मे फोन वाचतील. टायरसह देत असाल तर टायरच्या कडेवर 'डॉट' (DOT) लिहिलेले असते, त्यापुढच्या शेवटच्या चार आकड्यांचा जवळून फोटो टाका. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा.

मी स्वतः एकदा आतल्या कडेला वेल्डिंग केलेले चाक न सांगता विकले होते. बॅलन्सिंगच्या मशीनवर ते डोलायला लागले आणि तो मुलगा गडहिंग्लजहून चाक घेऊन परत आला. पैसे दिले, पण त्याचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून दोष असेल तिथे खडूने गोल करतो आणि पहिला फोटो त्याचाच टाकतो.

खानापूरहून: मोठा टर्बो बसवल्यामुळे जुना पडून आहे. तो चांगला आहे हे गिऱ्हाइकाला कसं पटवू?

पुसून चकाचक केलेल्या टर्बोच्या फोटोवरून काहीच कळत नाही. व्हिडिओ काढा. शाफ्टचे टोक चिमटीत धरून आडवे हलवा: किंचित प्ले (ढिलेपणा) चालतो, कारण चालू असताना ती जागा ऑइल भरून काढते. मग आत-बाहेर ओढा. इथे हाताला काही जाणवता कामा नये. एका बाजूला दाबून फिरवल्यावर पाती घराला घासली, तर तो टर्बो चालू म्हणून विकू नका, रिपेअरसाठी म्हणून विका. किती किलोमीटर चालला, का काढला आणि नव्याचे बिल, हे तिन्ही सांगा. ऑइलची भोके मात्र आजच टेपने बंद करा. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या शाफ्टला खडीचा एक कण पुरतो.

निपाणीहून: 'मी मिलिटरीत आहे, ॲडव्हान्स पाठवतो, क्यूआर स्कॅन करा' असा फोन आला. करू का?

अजिबात नको. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आपल्याला हे चटकन खरे वाटते, त्याचाच फायदा घेतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

चिकोडीहून: कॉइलओव्हरचा (गाडीची उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा) सेट दोन पावसाळे आंबोली घाटात चालला आहे. किती मिळतील?

आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा आणि चारही कॉलर (आट्यांवरच्या, उंची बदलणाऱ्या रिंगा) वरपासून खालपर्यंत फिरवून बघा. फिरल्या तर भावाची बोलणी करता येतात. गंजून अडकल्या असतील तर उंची बदलत नाही, मग तो साध्या शॉकअपच्याच भावाने जाईल. रॉडवर ऑइलचा ओला पट्टा दिसला तर तो नग सेटमधून बाजूला काढा आणि तीनच चांगले आहेत असे लिहा.