अमेरिकेत गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली की आईवडिलांचा मुलावरचा हक्क आपोआप जातो का?

नाही. गुन्हा कोणाविरुद्ध झाला, यावर बरंच अवलंबून असतं. १९९७ च्या संघीय कायद्यानुसार पालकाने स्वतःच्या एका मुलाचा खून केला असेल किंवा मुलाला मारहाण करून गंभीर जखमी केलं असेल, तर हक्क संपवण्यासाठी राज्याला सहसा कोर्टात जावंच लागतं. निकाल कोर्टच देतं, आणि १९८२ पासून त्यासाठी स्पष्ट, खात्रीलायक पुरावा लागतो.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या नियमाची. मूल गेल्या २२ पैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये (सरकारच्या देखरेखीखाली, तात्पुरतं आईवडिलांपासून दूर) असलं तरी हक्क संपवण्यासाठी राज्याचा कोर्टात अर्ज होतो. म्हणजे चोरीसाठी दोन वर्षं आत गेलेली आईही यात अडकू शकते! मूल आजीकडे किंवा मावशीकडे असेल तर राज्य सूट देऊ शकतं, त्यामुळे नातेवाइकांचं नाव पहिल्याच सुनावणीत वकिलामार्फत पुढे करा.