शनिवार-रविवारची बारा ताटं

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

बारा माणसांच्या घरातली शनिवार-रविवारची चूल तू अंगावर घेतलीस, हे फार चांगलं केलंस. खर्चाची वही वाचली. महिन्याचा किराणा बेताचाच आहे. पैसे गेलेत ते ऐनवेळी आणलेल्या पनीरमध्ये, फरसाणाच्या पुड्यांत आणि तेलात. सकाळी नऊ वाजता 'आज काय करायचं' म्हणून डबे उघडले आणि भिजलेलं काहीच नसलं, की दुकानच आठवतं. म्हणून दोन दिवसांचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर शुक्रवारी रात्री झोपण्याआधी दोन पातेली भिजत घाल. एकात घेवडा, एकात मटकी. सुकं कडधान्य माणशी 50 ग्रॅम धर, म्हणजे दोन्ही 600-600 ग्रॅम. आठ मोठी आणि चार लहान माणसं एवढ्यात पोटभर जेवतात.

घेवडा कोरेगाव-खटावकडचा वाघ्या घे, आणि यंदाचाच घे. जुना दाणा कितीही शिजवला तरी आत कचकचीत राहतो आणि गॅस फुकट जातो. पाणी भरपूर घाल, दोन लिटर तरी. सकाळी ते पाणी टाकून दे आणि नव्या पाण्यात आधी झाकण न लावता खळखळून दहा मिनिटं उकळ. हे टाळू नकोस. कच्च्या घेवड्यात असं एक द्रव्य असतं की अर्धवट शिजलेल्या मूठभर दाण्यांनीही उलट्या-जुलाब होतात, आणि नुसत्या मंद आचेवर ते मरत नाही. वर आलेला फेस काढ, मग झाकण लावून पाच शिट्ट्या आणि त्यापुढे पंधरा मिनिटं बारीक गॅस. कुकर अर्ध्याच्या वर भरू नकोस. कडधान्याचा फेस शिट्टीच्या भोकात अडकतो. पाच लिटरच्या कुकरला दोन घाणे करावे लागतील.

दाणा बोटांत दाबून बघ, लोण्यासारखा चेपला पाहिजे. तो शिजेपर्यंत चिंच, टोमॅटो, आमसूल काही घालू नकोस, आंबटाने दाणा आखडतो. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर तेही शिजू देत नाही. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात ही अडचण घरोघरी आहे. भिजवायला आणि शिजवायला नळाचं पाणी घे. तेही मिळत नसेल तर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाल, चमचाभर नको, नाहीतर दाण्याचं पिठलं होईल आणि आमटीला साबणासारखी चव येईल.

घेवड्याच्या या आमटीबरोबर भाकरी, हे शनिवारी दुपारचं. एका भाकरीला 90 ग्रॅम पीठ धर. मोठ्यांना दोन, पोरांना एक, अशा वीस भाकरी, म्हणजे पावणेदोन किलोच्या थोडं वर. शाळू एकदम दळून ठेवू नकोस, आठवड्यापुरताच दळ. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे बांधून राहण्याची ताकद, जाते, थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना भाकरी मोडते. तसं पीठ घरात असेलच तर उकळत्या पाण्यात भिजव, झाकून पाच मिनिटं ठेव आणि मग तळहाताने रगडून मळ. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्याने आणावा लागतो.

शनिवारी रात्री साधं तुरीच्या डाळीचं वरण आणि भात. डाळ 350 ग्रॅम, तांदूळ 900. भात उरला तर पातेल्यातच झाकून ओट्यावर ठेवू नकोस. परातीत पसर, निवला की तासाभरात फ्रीजमध्ये. रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकला तरी पोट बिघडवतो. त्यातलं विष उकळून जात नाही.

आता मटकी. शनिवारी सकाळी पाणी निथळून ओल्या फडक्यात सैल बांध. घट्ट बांधली की आतली मटकी घुसमटते आणि आंबूस वास येतो. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात. आले की लगेच फ्रीजमध्ये टाक. थंडीत गाठोडं डब्यात घालून, डबा जाड कापडात गुंडाळून रविवार सकाळपर्यंत ठेव.

रविवारी मिसळ, आणि त्याच वाटणात रात्रीचं जेवण. खरी बचत इथे आहे. कांदे पाऊण किलो, सुकं खोबरं 150 ग्रॅम, लसणाचे दोन गड्डे, दोन बोटं आलं, दोन चमचे तीळ. कांदा-खोबरं कोरड्या तव्यावर किंवा आचेवर भाज, तेलात नको; तेलाचा मोठा वाटा तिथेच जिरतो. पातेल्यात 200 मिली तेल तापव, वाटण घाल आणि ते कडेने तेल सोडेपर्यंत परत. गॅस अगदी बारीक करून कांदा-लसूण चटणी 100 ग्रॅम टाक, चार-पाच वेळा हलव आणि लगेच आधणाचं पाणी ओत, पाच लिटर. मोठ्या आचेवर चटणी जळते, कट काळपट आणि कडू होतो, मग वरून आणखी तेल ओतायचा मोह होतो. गार पाण्याने उकळी मोडते आणि तर्री वर यायला उशीर लागतो. मीठ घालून वीस मिनिटं उकळू दे. रंग वर दिसेल.

मटकी वेगळी शिजव, हळद-मीठ घालून, कुकरशिवाय. सगळी कटात टाकलीस तर ती रस्सा पिते आणि पोरांना तिखटही लागतं. फरसाण सगळ्यात महाग पडतं. 300 ग्रॅम आण आणि त्यात 200 ग्रॅम भाजलेले चुरमुरे मिसळ. भडंग खाणाऱ्या सांगलीकरांना हे शिकवायला नको! कांदा बारीक चिरून, लिंबाची माणशी एक फोड.

वाढण्याआधीच दोन लिटर कट बाजूला काढ. पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून निवव आणि फ्रीजमध्ये ठेव. रात्री तो पुन्हा खळखळून उकळ, दोन चमचे भाजलेल्या डाळ्याचं पीठ पाण्यात कालवून घाल, आणि बारा उकडलेली अंडी, सहा उकडलेले बटाटे अर्धे करून सोड. अंडी चार-पाच दिवसांची असली की सोलायला सोपी जातात, अगदी ताज्यांचं पांढरं सालाला चिकटून येतं. मटणाचा हट्ट झाला तर सव्वा किलो हाडासकट आण, कुकरमध्ये अळणी शिजव आणि त्याच्याच पाण्यात हा कट मिसळ. रस्सा सगळ्यांना पुरतो, फोडी माणशी तीन-चार येतात.

उरलेली भाकरी सोमवारी सकाळी चुरून कांद्याच्या फोडणीत परतायची, वर ताक शिंपडून. कोरडी फार झाली असेल तर ताक आधी शिंपडून दहा मिनिटं झाकून ठेव.

पुढच्या पत्रात तुमच्या कुकरचा आकार आणि पाणी बोअरचं की नळाचं, एवढं कळव.

तुझी काकू