वाढत्या अल्झायमरमध्ये रुग्णाचा विरोध हा आजाराचाच भाग मानावा का?

आपल्या वडिलांचा अल्झायमर वाढत चालला आहे, अलीकडे ते आंघोळीच्या वेळी ओरडतात, हात उगारतात, आणि हे आजारामुळेच असे समजून सोडून द्यावे का, असे आपण विचारले आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची परिचारिका म्हणून मी सांगेन की सोडून देऊ नये. आधी कारण शोधावे.

अल्झायमर महिन्या-वर्षांच्या गतीने पुढे सरकतो. त्यामुळे दोन-तीन दिवसांतच रुग्ण असंबद्ध बोलू लागला, किंवा उलट गुंगीत राहू लागला, तर त्यामागे बहुधा लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातील पाणी कमी होणे, एखादे नवे औषध किंवा वेदना असते, आणि डॉक्टरांना लगेच दाखवावे लागते. कुठे दुखते हे रुग्णाला सांगता येत नाही. ते कपाळावरच्या आठ्यांवरून, कण्हण्यावरून, आवळलेल्या मुठींवरून ओळखावे लागते. वडील विरोध करतात तो हात वर उचलताना की पाणी अंगावर पडताना, एवढे नीट पाहिले तरी बराच उलगडा होतो. खांदा दुखत असेल तर सदऱ्याची बाही दुखऱ्या हातात आधी घालावी आणि काढताना शेवटी काढावी. पाण्याचीच भीती असेल तर अंग टॉवेलने झाकून, एकेक भाग उघडा करत कोमट ओल्या कापडाने पुसून घ्यावा. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा आग्रह, माझ्या मते, रुग्णापेक्षा घरच्यांच्या समाधानासाठीच अधिक असतो.

पुढे गिळणे अवघड होते, आणि अन्न श्वासमार्गात जाऊन होणारा न्यूमोनिया हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. म्हणून ताठ बसवून लहान घास द्यावा, तो गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा आणि जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे करू नये. शेवटच्या टप्प्यात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे आढळलेले नाही. वेळ लागला तरी हाताने भरवणेच श्रेयस्कर. रुग्ण अंथरुणाला खिळल्यावर साधारण दर 2 तासांनी कूस बदलावी आणि माकडहाड व टाचा लाल झाल्या आहेत का, ते रोज पाहावे.

शांत राहण्यासाठीच्या अँटिसायकोटिक गोळ्यांनी अशा वृद्धांमध्ये पक्षाघाताचा व मृत्यूचा धोका वाढतो. त्यामुळे वेदना आणि संसर्ग तपासून झाल्याशिवाय डॉक्टरांकडे त्यांची मागणी करू नये.